पायलटनं पिठलं खाल्लं

भाड्याची खोली दाखवताना जगातला कुठलाही घरमालक भिंतीला पाठ लावून उभा राहतो. मागची ओल झाकायची असते. आमचे मालक मला खोलीत घेऊन गेले, भिंतीपासून चांगले दोन हात लांब उभे राहिले आणि देवस्थानाची माहिती सांगावी अशा सुरात म्हणाले, "खरं सांगायचं तर, ही भिंत जुलैपास्नं पाझरती. ऑगस्टात हिच्यावर अळंबी उगवती. खायची हाय, मी खाऊन बघितली. संडासाची कडी आतनं लागत न्हाई. आत गेल्यावर गानं म्हनायचं, म्हंजे बाहेरच्याला समजतं. तुमाला गानं येतं का?"

मी म्हटलं, "थोडंफार."

"मग घ्या खोली. आधीच्या भाडेकरूला येत नव्हतं. लई अडचन झाली त्याची."

मी खोली घेतली. एवढं खरं बोलणारा माणूस रोज फुकट बघायला मिळत असेल, तर अळंबी सोसायला माझी तयारी होती. तेव्हा मी उरवड्याच्या एका कारखान्यात सुट्या भागांची तपासणी करत असे. दिवसभर मापात न बसणारे नग बाजूला काढायचे आणि संध्याकाळी घरी येऊन या एका नगासमोर बसायचं. मालकांचं नाव मी इथे सांगणार नाही. सांगितलं तर ते हा लेख वाचतील आणि दुरुस्त्या पाठवतील.

गाव त्यांना 'पंचनामा' म्हणायचं. त्यांच्यासमोरच म्हणायचं, कारण पाठीमागे बोलावं असं त्यांनी कुणाचं काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. एका म्हाताऱ्याच्या दशक्रियेला सगळे जण मयताचे गुण गात होते, तेव्हा मालक उठून म्हणाले, "मानूस दिलदार व्हता. खरं सांगायचं तर, बांध कोरायचा." मयताचा मुलगा घाटावर तसाच ओल्या पंच्यानं त्यांच्या अंगावर धावून गेला. मालक म्हणाले, "आरं, माझाच कोरायचा. मी बोलायचं न्हाई तर कोन बोलायचं?"

गावात कुणाच्या मुलासाठी सोयरीक बघायला पाहुणे येणार असले, की भावकीत पहिली बैठक पोह्यांची नव्हे, मालकांची व्हायची. पाहुणे जागेवर असेपर्यंत ह्या माणसाला गावाबाहेर काढायचा. कुणीतरी त्यांना पौडला तालुक्याच्या कचेरीत धाडायचं, काहीतरी चौकशीच्या निमित्तानं. एकदा हे काम लवकर उरकलं आणि मालक परत येताना नेमके पाहुण्यांच्याच गाडीपुढे आले. मुलीच्या बापानं काच खाली करून विचारलं, "दादा, पोरगा कसा हाय हो?" मालकांनी सायकल स्टँडला लावली. त्यानंतर गावानं त्यांना पौडच्या ऐवजी थेट ताम्हिणीला पाठवायला सुरुवात केली. घाटात पाऊस एवढा, की माणूस लवकर परत येत नाही.

प्लॉट विकणारे एजंट तर त्यांच्या घरावरून जाताना गाडीचा वेग वाढवत. महाळुंग्याला, बालेवाडीला राहणारी पोरं रविवारी 'फार्महाऊस'साठी जागा बघायला आली, की मालक कुंपणाशी उभे. ती विचारत, "पाणी?" मालक सांगत, "टँकर." "रस्ता?" "नकाशात हाय." "लाईट?" "येती. सांगून येत न्हाई." एवढी तीन उत्तरं ऐकून कित्येक जोडपी बंगल्याच्या स्वप्नासकट परत गेली. एजंटांनी दिवाळीला मिठाई पाठवून बघितली. मालकांनी खाल्ली आणि पुढच्याच गिऱ्हाइकाला सांगितलं, "मिठाई चांगली देतात. पानी न्हाई."

असा हा माणूस सिनेमाच्या नादाला लागला तो एका रिकाम्या खुर्चीमुळे. माझ्या शेजारच्या खोलीत हिंजवडीला नोकरी करणारे दोन मुलगे राहत. त्यांचा एक मित्र आयत्या वेळी आला नाही, म्हणून ते मालकांना घेऊन मोठ्या थेटरात गेले. परदेशी पिक्चर, हिंदीत बोललेला, अंतराळातला. एक पायलट आपल्या म्हाताऱ्या आईला 'जेवायला येतो' असं सांगून यानात बसतो आणि कुठल्याशा काळ्या भोवऱ्यात ओढला जातो. खिडकीत दिवा लावून, ताट झाकून आई बसलेली. इथे पहिला भाग संपतो.

मालक परत आले ते सरळ बापूच्या हॉटेलात. बापूचं हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी आणि गावातल्या सगळ्या रिकाम्या पुरुषांची लोकसभा. तिथे मालकांनी पिक्चर सांगायला घेतला, आणि मंडळी, मी आयुष्यात कीर्तनं ऐकली, प्रवचनं ऐकली, साहेबांची भाषणं ऐकली, पण असं निरूपण ऐकलं नाही. त्यात एक शब्द पदरचा नव्हता. काळ्या भोवऱ्याला त्यांनी नदीतल्यासारखा 'डोह' म्हटलं, तेवढीच काय ती कविता. बाकी जसंच्या तसं. कुणी कुठल्या हातानं दार उघडलं, यानाचा कुठला दिवा आधी लागला, पुढच्या रांगेतला टकल्या कुठल्या प्रसंगाला उभा राहिला आणि त्यामुळे काय दिसलं नाही, सगळं. पिक्चरपेक्षा सांगणं लांबलं. चार संध्याकाळी लागल्या. पाचव्या संध्याकाळी शेवटी पडद्यावर पळणारी नावं सांगायची राहिली होती; बापूनं हात जोडले.

हीच कथा मग घरी, ओसरीवर, आत्यासाठी. आत्या म्हणजे मालकांच्या वडिलांची बहीण. तरुणपणीच ताम्हिणीच्या सासरहून कुंकू पुसून माहेरी आलेली आणि आईवेगळ्या मालकांना तिनंच वाढवलेलं. अंगानं मूठभर, आवाजानं ढोल. आत्याबरोबर शेंगा फोडायला, तांदूळ निवडायला गल्लीतल्या बायका जमत. त्यांची पुढारी मंदाकाकी, बचत गटाची अध्यक्ष. म्हणजे गावात या पिक्चरचे दोन खेळ चालत: हॉटेलात पुरुषांचा, ओसरीवर बायकांचा. थेटरात गेलेला गावचा माणूस मात्र एकच.

दोन वर्षांनी दुसरा भाग आला. त्यात पायलट डोहाच्या पलीकडे जिवंत आहे असं समजलं आणि गावानं सुटकेचा श्वास सोडला. पण या दुसऱ्या भागाला एक मोठं भोक पडलं. ऐन रंगात मालक थांबले आणि म्हणाले, "हितं मी लघवीला गेलो व्हतो. आलो तवा पायलटच्या कपाळाला पट्टी बांधल्याली. मधी काय झालं, मी बघितलं न्हाई. मी सांगनार न्हाई."

"अंदाजानं सांगा," बापू म्हणाला.

"अंदाजानं तू च्या कर."

झालं! पुढची दोन वर्षं गावात त्या पट्टीवरून तट. बापूच्या मते मारामारी झाली. मंदाकाकीच्या मते पायलटनं आईच्या आठवणीनं भिंतीवर डोकं आपटलं. आत्याचं मत एकदम वेगळं: "ठेच लागली आसंल. परक्या जागी लागती मानसाला."

आणि मग तिसरा, शेवटचा भाग यायच्या आठवड्यातच आत्या पडली. अंगणातल्या शेवाळावर पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. पिरंगुटच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, ऑपरेशन लवकर केलंत तर आजी चालतील. नाही केलंत तर खाटेवरून उठणार नाहीत, आणि या वयात खाटेवर पडलेलं माणूस फार दिवस टिकत नाही.

आत्या म्हणाली, "मला घरी न्या. मला काय आता शर्यतीत पळायचंय?"

सगळ्यांनी समजावलं. मालकीणबाई रडल्या. मंदाकाकीनं बचत गटातर्फे विनंती केली. शेवटी ठरलं, देवाचा कौल लावायचा. देवाला दोन बाजूंना ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. आत्यानं खाटेवरूनच तो ठराव उडवला. "त्यो पुजारी मला नगं सांगू. त्याला पायजे त्या बाजूचं फूल त्यो कमी वलं करतो. माझ्या लग्नाला आसाच उजवा कौल दिल्ता त्याच्या आज्यानं. बघितलं न्हवं काय झालं ते!"

मग तिनं मालकांना जवळ बोलावलं. मी तिथेच चहाचा कप घेऊन उभा होतो.

"तुज्या पिच्चरचा शेवट कवाशी हाय?"

"शुक्रवारी."

"मग त्योच माजा कौल. पायलट घरी आला, तर मी आपरेशन करती. न्हाई आला, तर कुनी माज्या खाटंला हात लावायचा न्हाई."

"आत्या, आगं त्यो पिच्चर हाय!"

"म्हनूनच. परदेशात बनलाय. हितल्या कुनाचा हात त्याला पोचत न्हाई. आन सांगनारा तू. तू काय खोटं बोलायचा न्हाईस." आणि तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. सुनावणी संपली.

शुक्रवारी सकाळच्या पहिल्या खेळाला मालकांबरोबर मी गेलो. रजा टाकून गेलो. पडद्यावर यानं फुटत होती आणि मालक हात जोडून बसले होते. मध्यंतरात त्यांनी पाणीसुद्धा प्यायलं नाही. या वेळी भोक पडू द्यायचं नव्हतं. आणि शेवट! डोह गिळत गिळत पृथ्वीकडे निघालाय. तो बंद करायचा तर कुणीतरी आत राहून करायला हवा. पायलट हसतो, आईचा फोटो काचेला लावतो आणि डोह आतून मिटून घेतो. खिडकीतला दिवा. झाकलेलं ताट. अंधार.

आमच्या मागची मुलगी हुंदके देत म्हणाली, "काय सुंदर शेवट!" तिच्या शेजारचा म्हणाला, "वाट लावली तिन्ही भागांची." मालक पडद्यावरची सगळी नावं संपेपर्यंत बसून राहिले. वाटलं, नावांच्या नंतर तरी तो येईल. झाडूवाला आला.

परतताना गाडीवर मी विचारलं, "मालक, आत्याला काय सांगायचं?"

"जे हाय ते," ते म्हणाले. पण त्यांचे हात भूगावपर्यंत जोडलेलेच होते.

हॉटेलापाशी बापू रस्त्यातच आडवा उभा. "आला का घरी?"

सवयीचा माणूस. तोंडातून निघून गेलं, "न्हाई. खरं सांगायचं तर, मेला." बाकड्यावर कुणीतरी टोपी काढली.

तिथून घर हाकेच्या अंतरावर. आम्ही आत गेलो. आत्या उशीला टेकून वाटच बघत होती. चेहरा वेदनेनं पांढरा पडलेला, पण डोळे फिर्यादीसारखे रोखलेले.

"आला का?"

मालकांचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. जन्मात न वापरलेलं अवजार हातात घ्यावं तसा तो माणूस उभा होता.

"आला," ते म्हणाले.

"आईला भेटला?"

"भेटला."

"जेवला?"

"जेवला."

"काय जेवला?"

आता बघा, ज्यानं उभ्या आयुष्यात एक थाप मारली नाही, त्याच्याकडे ऐन वेळी कल्पनाशक्ती कुठून येणार? मालकांनी छताकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं. आतून चुलीवरचा वास येत होता.

"पिठलं," ते म्हणाले. "भाकरी. कांदा."

आत्या त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बोलव गाडी."

गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची ठरली. तोवर खरी बातमी आत्यापर्यंत पोचू द्यायची नव्हती, आणि मालक तर गोठ्यात जाऊन म्हशीच्या शेजारी बसले होते. तेव्हा पहाऱ्याचं काम मी अंगावर घेतलं. संध्याकाळी बापू समाचाराला आला. मी दारात आडवा. "आत्या झोपल्यात."

आतून ढोल वाजला, "कोन आलंय रं?"

"झोपेत बोलतात," मी म्हटलं आणि बापूला फाटकापर्यंत पोचवून आलो.

ऑपरेशन झालं. आत्या दवाखान्यात उठून बसली आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला तिनं आधी पायलटची हकिकत सांगितली, मग स्वतःच्या खुब्याची. आला, आईला भेटला, पिठलं जेवला. बायका आनंदानं घरी गेल्या. घरी नवरे दुःखात बसलेले. आणि गावात आग लागली.

तोपर्यंत जगभर त्या पिक्चरवरून भांडण चालूच होतं. माझ्या शेजारचे हिंजवडीवाले दोघे, एक म्हणे शेवटानं सोनं केलं, दुसरा म्हणे माती केली. दोघांनी जेवणाचे डबे वेगळे लावले होते. पण जगाचं भांडण शेवट चांगला की वाईट एवढ्यावरच होतं. आमच्या गावाचं भांडण त्याहून मुळात जाऊन होतं: शेवट कुठला?

"मेला. पंचनाम्यानं सोता सांगितलं, माज्या हाटेलासमोर," बापू म्हणे.

"आला. त्यांनीच सांगितलं, सख्ख्या आत्याला," मंदाकाकी म्हणे. "आन ते कदी खोटं बोलल्यात का?"

इथे दोन्ही बाजू अडत. मालक खोटं बोलत नाहीत, हे दोघांनाही मान्य.

"आगं, परदेशातली मानसं पिठलं खात्यात का?"

"हिंदीत बोलत्यात न्हवं? मग पिठलं खायला काय झालं?"

एका पोरानं मोबाइलवर शेवट शोधून मंदाकाकीला दाखवला. तिनं बघितला आणि मोबाइल परत दिला. "ह्ये कापल्यालं हाय. मोबाइलवर पुरा कुटं दाखवत्यात? पिठल्याचं कापलंय." दुसरा थेटरात जाऊन आला, तर म्हणाली, "तू उशिरा गेलास. पयल्या खेळाला दाखवलं, मग काढलं. गर्दी कमी कराया."

घराघरात बाजू पडल्या. बापूच्या बायकोनं त्याला पिठलं वाढायचं बंद केलं. पायलटला मारणाऱ्याला कशाला पाहिजे पिठलं? आणि ज्या एका माणसाच्या एका शब्दानं हे मिटलं असतं, तो माणूस गप्प होता. मालकांनी हॉटेल सोडलं. रस्त्यात कुणी "आला का मेला?" विचारलं, की सायकलची चेन बघत बसायचे. एक नवा भाडेकरू खोली बघायला आला, तर त्याला अळंबीचं सांगायचंच विसरले. मालकीणबाई घाबरल्या. "ह्यांना दवाखान्यात दाखवू या का? तीन दिस झाले, कुनाचा अपमान केला न्हाई."

मला मात्र ठाऊक होतं त्यांच्या छातीवर काय बसलंय ते. एकदा चहा पिताना ते आपण होऊन म्हणाले, "मी खरं सांगावं तर आत्याला समजंल तिचा कौल उलटा व्हता. आत्ता कुटं ती पावलं टाकाया लागलीया. तिनं मनानं हाय खाल्ली तर? आन न सांगावं, तर उद्या ह्या गावात माज्या कुटल्या शब्दाला किंमत ऱ्हाईल? माज्याजवळ दुसरं हाय काय?"

काही महिन्यांनी तो पिक्चर घरबसल्या बघायला मिळायला लागला आणि बापूनं डाव टाकला. मंदिराच्या सभामंडपात, मंडळाचा प्रोजेक्टर लावून, सगळ्या गावासमोर पिक्चर दाखवायचा. हिंजवडीवाल्या पोरांनी व्यवस्था केली. त्यांनाही आपापला मुद्दा सिद्ध करायचा होता. दिवस ठरला, शनिवार, दिवेलागणीला.

मंडप कीर्तनाला भरतो तसा भरला. उजवीकडे पुरुष, म्हणजे 'मेला' पक्ष. डावीकडे बायका, म्हणजे 'आला' पक्ष. मध्ये खुर्चीत आत्या. समोर तिचा वॉकर. ती त्याला 'घोडं' म्हणायची आणि आपण घोड्यावर बसून आलो अशाच थाटात सगळ्यांकडे बघत होती. मालक अगदी मागे, खांबाला टेकून. माझ्या मनात आलं, वायर पायात अडकून पडावं का? मालकांनी बहुधा ते ओळखलं. मान हलवली. नको.

पिक्चर सुरू झाला. बायकांना काही ओळख करून द्यावीच लागली नाही. "ह्यो त्यो टकल्या उबा ऱ्हायला त्या टायमाचा गडी," मंदाकाकी पडद्याकडे बोट दाखवून सांगत होती. आणि मग तो शेवट. पायलट हसला. फोटो काचेला लावला. डोह मिटला. दिवा. ताट. अंधार.

"मेला!" बापू ओरडला. पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. एकानं शिट्टी मारली. मग आपण नेमकं कशाला टाळ्या वाजवतोय हे त्यांचं त्यांनाच कळलं आणि टाळ्या ओशाळून थांबल्या.

डाव्या बाजूनं मंदाकाकीचा आवाज, बारीक, दुखावलेला. "आत्या, पिठलं कुटंय?"

सगळा मंडप वळला. आत्याकडे नाही, खांबाकडे. मालकांचे कान लाल झाले होते. ते सरळ उभे राहिले, टोपी नीट केली, आणि फाशीच्या दोराला हात घालावा तशा आवाजात म्हणाले, "खरं सांगायचं तर..."

"बस खाली!" आत्यानं घोडं फरशीवर आपटलं. प्रोजेक्टर हलला. ती दोन्ही हातांनी रेटा देऊन उभी राहिली, कुणाचाही आधार न घेता, आणि सगळ्या गावाकडे तोंड केलं.

"ह्यानं मला खरंच सांगितलं व्हतं. मेला म्हनून सांगितलं. मीच तुमाला आला म्हनून सांगितलं. मला न्हाई पटला त्यो शेवट."

"आन पिठलं?"

"पिठलं माजं."

"आवं आत्या, मग आमी इतकं दिस नवऱ्यांशी भांडलो त्ये?"

"नवऱ्याशी भांडाया पायलट लागतो का तुला?"

पहिल्यांदा मंदाकाकीच हसली. मग डावी बाजू, मग उजवी. त्या हसण्यात बापू बाकड्यावरून उठून म्हणाला, "मलाबी कुटं आवडलंय त्यो मेल्यालं? पन पंचनाम्यानं सांगितलं म्हनून धरून बसलो." त्याच्या बाजूचे दोघे-तिघे 'व्हय व्हय' म्हणाले. आणि मंडळी, ज्या भांडणानं जगाला फाडलं होतं ते आमच्या मंडपात तिथल्या तिथे मिटलं: पिक्चर चुकला, आत्या बरोबर. हिंजवडीवाल्या दोघांनी मात्र ठराव मान्य केला नाही. ते फक्त डबा एकत्र लावायला तयार झाले.

घरी जाताना मालक माझ्याबरोबर चालत होते. आत्या पुढे, घोड्यासकट, बायकांच्या घोळक्यात.

"आत्या खोटं बोलली," मालक म्हणाले.

"हो."

"समद्या गावासमोर."

"हो, मालक."

ते थोडं चालले. "लई सफाईनं बोलली," ते म्हणाले, आणि त्या आवाजात मी पहिल्यांदाच मत्सर ऐकला.

दुसऱ्या दिवशी मी आत्याजवळ बसलो होतो. ती वाल सोलत होती. मी हळूच विचारलं, "आत्या, तुम्हाला कळलं कधी?"

"कशाचं?"

"पायलटचं."

आत्यानं आजूबाजूला बघून घेतलं. "त्याच टायमाला. हा जन्मात 'खरं सांगायचं तर' म्हनल्याबिगर पानी मागत न्हाई. आन त्या दिवशी नुसता म्हनला, 'आला.' वर पिठलं! चुलीवर माज्याच घरचं पिठलं रटरटत व्हतं. परदेशातली बाई आन आमची सून एकाच दिशी पिठलं कराया लागल्या व्हय?"

"मग तुम्ही ऑपरेशनला का तयार झालात? कौल तर उलटा होता."

आत्यानं शेंग सोलली, दाणा परातीत टाकला. "आरं, ज्यानं मेल्याल्या मानसाला सोडलं न्हाई, सोयरीकीला सोडलं न्हाई, त्यो माज्यासाठी खोटं बोलला. ह्याच्यावर आनी कुटला कौल लागतो?"

मी वाल सोलू लागलो.

त्या संध्याकाळी बायका ओसरीवर जमल्या. मंदाकाकीनं मालकांना हाक मारली. मालक दारात आले, हात पुसत.

"पुढचा भाग कवा?"

"पुढचा न्हाई. तीनच व्हते. संपलं."

"पिच्चरवाल्यांचं संपलं आसंल," आत्या म्हणाली. "तुजं कुटं संपलंय? बस."

मालक बसले. तांदळाच्या सुपांवरचे हात थांबले. फाटकाबाहेर बापू हॉटेल बंद करून उभा होता, सहज आल्यासारखा. मालकांनी छताकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं. या वेळी आत चुलीवर काहीच नव्हतं. त्यांनी घसा साफ केला.

"खरं सांगायचं तर," मालक म्हणाले, "डोहाला मागच्या अंगानं एक दार व्हतं."

मंदाकाकीनं सूप खाली ठेवलं. आत्यानं माझ्याकडे बघून एक डोळा मिटला.

"शिकला गं बाई," ती म्हणाली.